आधी नळाला पट्टी लावा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अमेरिकेत आयोवा राज्यात राहता, मुलगा चौथीत आहे आणि वर्गात पायोनियर लोकांचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकात इथे येऊन नव्याने शेती वसवणाऱ्या वसाहतकऱ्यांचा, धडा चालू आहे. पुढच्या महिन्यात एका शनिवारी मंडळाच्या मराठी शाळेतली आठ मुलं दिवसभर तुमच्याकडे असतील. त्या काळची घरकामं करता करता त्यांना तो काळ कळावा, अशी तुमची इच्छा आहे. लोण्याचं आणि मेणबत्त्यांचं तयार किट मागवून झालंय. मागच्या वेळी मुलांनी पाच मिनिटं बरणी हलवली आणि मग आयपॅड मागितला. सासूबाई भारतातून आल्या आहेत, त्यांना या सगळ्याची गंमत वाटते. आणि बॉनेट (हनुवटीखाली बांधायची त्या काळची बायकांची टोपी) वगैरे पोशाख घ्यावेत का, हेही तुम्ही विचारलंय.

मी मूळची शिक्षिका. गेली चौदा वर्षं इथल्या एका जुन्या पद्धतीने चालवलेल्या शेतावर शनिवार-रविवार काम करते. सुती झगा, कमरेला एप्रन, हातात रवीचा दांडा आणि समोर शाळेची सहल. त्या अनुभवावरून सांगते, तुमची मुलं कंटाळली यात त्यांची चूक नाही. लोणी आलं काय, न आलं काय, जेवायला पिझ्झा येणारच होता, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ज्या कामावाचून कुणाचं काही अडत नाही ते काम मुलं बरोबर ओळखतात.

म्हणून सुटी सुटी कामं देऊ नका. एका कामातून दुसरं निघेल आणि शेवटी त्यांच्याच ताटात काहीतरी पडेल, अशी साखळी लावा. पहिली कडी पाण्याची.

सकाळी मुलं यायच्या आत घरातल्या सगळ्या नळांना चिकटपट्टी लावून टाका. (संडासातल्या पाण्याला सूट. तिथे मी कधी हट्ट धरला नाही.) अंगणाच्या पार टोकाला होज सोडा आणि त्याखाली मोठं टब ठेवा, ती विहीर. प्यायचं, हात धुवायचं, पीठ भिजवायचं, भांडी घासायचं, जे पाणी लागेल ते तिथूनच आणायचं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला चार लिटर एका खेपेला पुरे. बादली तेवढीच भरा, काठोकाठ नको. पहिल्या दोन खेपा धावत होतात, तिसरीला पाणी पायांवर सांडतं, पाचवीला कुणीतरी विचारतंच, "अजून किती?" त्या वेळी हिशेब मांडायचा. एका कुटुंबाचं एक धुणं, म्हणजे धुणं, उकळणं आणि खळबळणं, यांना सुमारे ५० गॅलन पाणी लागायचं. ५० गॅलन म्हणजे १९० लिटर. चार लिटरच्या खेपा किती? सत्तेचाळीस झाल्या तरी थोडं उरतं. वजन जवळजवळ १९० किलो, आणि ते नुसतं आणायचं नाही, तापवायचं, उचलायचं आणि शेवटी ओतूनही द्यायचं. हे आकडे मी पूर्वी फळ्यावर लिहून सांगत असे, कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. तळहातावर बादलीच्या कडीचा वळ उठल्यावर सांगितलं की मुलं स्वतःच गुणाकार करू लागतात.

पायोनियर लोक खांद्यावर आडवं लाकूड घेऊन दोन्ही टोकांना बादल्या अडकवत. सासूबाई बघताक्षणी "अगं, ही तर कावड" म्हणतील. म्हणू द्या. डोक्यावर चुंबळ ठेवून हंडा नेणं आणि कावडीने पाणी नेणं यात मानेवर नि खांद्यावर काय फरक पडतो, हे त्या सांगू शकतील. ते तुमच्या किटच्या पुस्तिकेत नसेल.

आता लोणी. किटमधली ती इवलीशी बरणी ठेवून द्या. आदल्या रात्री हेवी व्हिपिंग क्रीमचा एक लिटर घ्या, त्यात चार चमचे दही घालून विरजण लावा. हे काही मी आपलं भारतीय घुसडत नाहीये. पायोनियर घरात एका-दोन गायींची साय चार-पाच दिवस साठवली जाई आणि तोवर ती आपोआप आंबे. ताज्या गोड क्रीमचं लोणी हा त्या मानाने अलीकडचा प्रकार. म्हणजे विरजलेली साय किटमधल्या कृतीपेक्षा खरेपणाच्या जास्त जवळ आहे. आणि पुढे आपल्याला आंबट ताक लागणार आहे, ते गोड क्रीममधून मिळत नाही.

घुसळताना साय साधारण १६-१७ अंश सेल्सिअसला हवी. हे एवढं एकच पथ्य. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका जुलैच्या दुपारी मी सायीचं भांडं उन्हात विसरले. बावीस मुलं पाळीपाळीने तासभर घुसळत होती आणि हाती आला तुपकट, पांढरा लगदा. त्या दिवशी त्यांना कोरडा ब्रेड मिळाला. (खरं सांगायचं तर तो गट सगळ्यात जास्त शिकून गेला असं मला आजही वाटतं, पण तुम्ही मुद्दाम तसं करू नका.) रुंद तोंडाच्या मोठ्या बरण्या घ्या, निम्म्याहून कमी भरा आणि दोघांत एक द्या. आधी पाण्यासारखा आवाज येतो, मग फेस होतो, मग आवाजच बंद होतो. क्रीम घट्ट होऊन बरणीला चिकटतं आणि मुलांना वाटतं बिघडलं. हीच जागा त्यांना धरून ठेवण्याची. इथे सोडलं तर पाच मिनिटांचा खेळ, पुढे रेटलं तर लोणी. आणखी काही मिनिटांनी एकदम थपक-थपक होतं, पिवळे कण वेगळे होतात आणि ताक सुटतं. एकूण पंधरा-वीस मिनिटं धरा. एक लिटरचं सुमारे चारशे ग्रॅम लोणी येतं. ते थंड पाण्यात मळून मळून धुवायचं, पाणी नितळ येईपर्यंत. ताक आत राहिलं तर लोणी लवकर खवट होतं. आणि या धुण्यासाठीचं पाणी? परत विहिरीवर. इथे साखळी मुलांच्या लक्षात यायला लागते.

ताक फेकायचं नाही, त्यात मक्याची भाकरी. म्हणजे आपली थापलेली नव्हे, कॉर्नब्रेड. वाळलेला मका मिळाला तर खलबत्त्यात कुटायला द्या. पंधरा मिनिटं कुटून मूठभर जाडसर भरडा निघतो, त्यात टरफलंही असतात. आठ जणांच्या आठ मुठी बाजारच्या दोन कप जाड्या पिठात मिसळा. एक चमचा खाण्याचा सोडा, मीठ, एक अंडं आणि सैलसर होईल इतकं ताक. सोडा ताकावर पडला की फसफसतो. त्या काळी सॅलेरॅटस नावाने मिळणारी पूड हेच काम करायची, आणि तिला फुलायला आंबट काहीतरी लागायचंच. तुमच्याकडे बिडाचा तवा असेल तर उत्तम. २०० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. वर मुलांनीच काढलेलं लोणी. हेच त्यांचं दुपारचं जेवण, सोबत फार तर उकडलेल्या शेंगा-बटाटे. दुसरं काही करून ठेवू नका, ठेवलंत तरी दिसू देऊ नका. हा मुद्दा आया ऐकत नाहीत, मला माहीत आहे.

साबण मात्र करू नका. राखेतून काढलेलं क्षारपाणी चरबीबरोबर उकळून साबण करत, हे खरं. पण ते तीव्र पाणी आणि बाजारचा कॉस्टिक सोडा, दोन्ही कातडी जाळतात, डोळ्यात गेलं तर डोळा जातो. आमच्या शेतावरही ते काम मोठेच करतात, मुलं दोरीच्या पलीकडे. त्याऐवजी एक साधा प्रयोग करा. शेकोटीतल्या लाकडाची राख (बार्बेक्यूच्या कोळशाची नको) जुन्या फडक्यात बांधा, वरून थोडं गरम पाणी घाला आणि खाली ठिबकलेलं पाणी काचेच्या वाटीत घ्या. हात लावायचा नाही. त्यात तुम्हीच चिमूटभर हळद टाका. पिवळी हळद तांबडी होते. सासूबाई लगेच सांगतील की हळदीला चुन्याची निवळी देऊन कुंकू करायचे ते असंच. राखेचं पाणी पुरेसं कडक झालं की नाही हे पायोनियर बायका अंडं सोडून बघत. अंडं तरंगून वर नाण्याएवढा भाग दिसला की झालं. हळद तिथे नव्हती, तेव्हा हा प्रयोग पायोनियरांचा म्हणून सांगू नका. राखेत काय दडलंय ते कळण्यापुरताच तो आहे.

दुपारी धुणं. रोजचे कपडे नकोत, जेवणात वापरलेली हात पुसायची फडकी पुरे, ती खरोखर मळलेली असतात. साध्या साबणाची वडी किसून घ्या, पन्हाळी पत्र्याचा धुण्याचा फळा जुन्या बाजारात सहज मिळतो. एक टब साबणाचं, एक खळबळायचं, तिसऱ्यात नीळ. नीळ बघून तुम्हालाच घरची आठवण येईल. अमेरिकेतही पांढऱ्या कपड्यांना नीळ देत. पिळायला दोघं समोरासमोर उभी करा, दोघांनीही आपापल्या उजवीकडे पिळायचं. इस्त्रीचं नुसतं वजन उचलून बघू द्या. चुलीवर तापवायची ती भरीव लोखंडी इस्त्री दोन-तीन किलोंची असते, आणि एक गार होईस्तोवर दुसरी तापत ठेवावी लागे. सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री असा आठवडाच बांधलेला असायचा. धुणं सोमवारीच का, यावर मुलांना तर्क करू द्या.

सासूबाई एव्हाना म्हणाल्या असतील, "यात काय विशेष, आम्ही हेच करत होतो." इथे मात्र जरा थांबा. काम तेच असलं तरी आयुष्य तेच नव्हतं, आणि मुलांना कळावं असं मला वाटतं ते नेमकं हेच. आपल्या गावात घराला घर लागलेलं, धुणं नदीवर दहा जणींच्या गप्पांत, दळताना ओव्या. इथे सरकारने जमिनीची आखणी चौरसांत केली. १६० एकरांचा तुकडा म्हणजे अर्धा मैल लांब, अर्धा मैल रुंद. शेजारीण दिसलीच तर क्षितिजावरच्या धुरात. मुलांना हे दाखवायचं असेल तर धुण्याच्या वेळी दहा मिनिटं एकेकाला एकटं ठेवा, बाकीच्यांना आत घ्या. दहा मिनिटं पुरेत. एका मुलीने मला नंतर सांगितलं होतं की तिने फडक्याशी बोलायला सुरुवात केली.

सरपणाचा विषय मुलांना फार आवडतो, कारण त्यात शेण आहे. तुमच्या आयोवात नदीकाठी झाडं होती, म्हणून तिथे ओंडक्यांची घरं दिसतात. पुढे नेब्रास्का-कॅन्सासच्या माळावर झाडच नाही. घर गवताच्या मुळ्यांनी घट्ट बांधलेल्या मातीच्या ढेपांचं, नांगराने पट्टे काढून विटांसारख्या रचलेल्या. छत पावसात गळायचं आणि पाऊस थांबल्यावरही गळत राहायचं. चुलीला काय? माळावर वाळून पडलेलं बायसनचं, म्हणजे इथल्या रानगव्याचं, शेण. गोळा करायचं काम बहुतेक वेळा मुलांचं. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, रानशेणी. थापलेली गोवरी वेगळी, रानात आपोआप वाळलेली वेगळी. पूर्वेकडून आलेल्या बायकांना आधी त्याची किळस यायची, मग सवय झाली. आपल्या आज्यांना हसू येईल. शेण मिळणार नाही, पण परसात वाळक्या काटक्या पसरून एका मुलाला "आज दुपारच्या चहाचं सरपण तुझ्याकडे" असं सांगून सोडा. बघा किती थोडं आणतो ते.

आणि मग त्याच सरपणावरून विचारा, बायसन कुठे गेले? काही कोटी जनावरं होती, १८८० च्या दशकाच्या शेवटी काही शेकड्यांवर आली. कातड्यासाठी मारली, आणि इथल्या ज्या मूळ रहिवाशांचं पोट त्यांवर होतं त्यांना नमवण्यासाठीही हा संहार सोयीचा ठरला. बायसन गेल्यावर पायोनियरांच्या चुलीत गाईचं शेण, कणसांची बुरकुंडं, पिळून गाठ मारलेलं गवत आलं. पाणी-लोण्याच्या गोड दिवसात हे कशाला, असं काही पालक मला म्हणतात. मी ते गाळत नाही. शाळेच्या धड्यात जमीन 'रिकामी' असते. आयोवात १८३३ साली गोऱ्या वसाहतकऱ्यांना जमीन खुली झाली ती आदल्या वर्षीच्या ब्लॅक हॉक युद्धात सॉक आणि मेस्क्वाकी हे तिथले मूळ रहिवासी हरल्यानंतर. मुलांनी सकाळी कुटलेला मका, सोबतच्या शेंगा, भोपळा ही पिकं या भूमीवर शतकानुशतकं पेरणाऱ्या लोकांकडूनच पायोनियरांकडे आली. मेस्क्वाकी लोकांनी पुढे १८५७ साली टामा काउंटीत स्वतःची जमीन पैसे मोजून परत विकत घेतली आणि ते आजही तिथे राहतात, तुमच्या घरापासून गाडीने काही तासांवर. फक्त पिसांचे मुकुट घालून 'इंडियन' व्हायचा खेळ तेवढा करू देऊ नका.

शाळेत कदाचित '१८६२ च्या होमस्टेड कायद्याने सर्वांना फुकट जमीन' असं सांगितलं असेल. त्यात दोन दुरुस्त्या. आयोवातली बरीचशी जमीन त्याआधीच विकली गेली होती, सरकारी भाव एकरी सव्वा डॉलर. आणि 'सर्वांना' म्हणजे नागरिकांना किंवा नागरिक व्हायचा इरादा नोंदवणाऱ्यांना. पाच वर्षं राहून, घर बांधून, जमीन कसून दाखवायची. विधवा आणि अविवाहित बायका स्वतःच्या नावे दावा करू शकत होत्या, तेव्हा मुलगे लाकडं फोडतील आणि मुली शिवतील अशी वाटणी मुळीच करू नका. आपल्यासारख्यांचं काय, हा प्रश्न मराठी मुलं हमखास विचारतात. भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही म्हणून नागरिकत्वाला पात्र नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात १९२३ साली दिला होता. चौथीतल्या मुलाला हे समजतं. ते गप्प होतं, मग दुसरा प्रश्न विचारतं.

मेणबत्त्यांबद्दल. वितळलेलं मेण आणि आठ मुलं हे गणित मला घरात आवडत नाही. करायचंच असेल तर एक गुरुमंत्र. वात मेणात बुडवून लगेच बाहेर काढायची, रेंगाळली की आधीचा थर वितळून परत भांड्यात जातो. पंचवीस-तीस बुडव्या लागतात आणि मधे प्रत्येक थर गार व्हावा लागतो. माझा आग्रह दुसऱ्याच दिव्याचा आहे. चरबीसुद्धा जपून वापरायच्या घरात बटणाचा दिवा असे. एक बटण चिंधीत गुंडाळून वर दोऱ्याने बांधायचं, चिंधीचं टोक शेंडीसारखं उभं राहतं, बशीतल्या चरबीत ठेवून ते पेटवायचं. करायला घ्याल तेव्हा सासूबाई हसायला लागतील, कारण ही आपली फुलवात आहे. तुपात ठेवा, छान जळते, सुरक्षितही. संध्याकाळी दिवे घालवून त्या एका वातीभोवती आठही मुलांना बसवा आणि गणिताचं पुस्तक वाचायला द्या. पहिल्या रांगेसाठी भांडणं होतात. मागे बसलेल्यांना अक्षर दिसत नाही.

वेळ उरलाच तर कापडाचे नऊ चौकोन जोडून एक तुकडा शिवायला घ्या, सासूबाईंचा धावदोरा आणि इथल्या क्विल्टची (गोधडीची) शिवण यात फार अंतर नाही. नाही उरला तर सोडून द्या. एका दिवसात पाच कामं म्हणजे खूप झाली, किटवाले नऊ सांगतात. आणि पुढे कधी डे मॉइनजवळच्या अर्बनडेलला लिव्हिंग हिस्टरी फार्म्स हे जुन्या शेतांचं संग्रहालय बघायला गेलात तर १८५० च्या घरात थेट घुसू नका. आधी १७०० सालच्या आयोवे या मूळ रहिवाशांच्या शेतावर जा, मुलांना मका तिथे भेटू दे.

राहता राहिला पोशाख. बॉनेट घेऊ नका. दहा मिनिटांत फोटो होतो, मग ती मानेवर लोंबते आणि पाणी भरताना मधे येते. मोठ्या खिशाचा एप्रन पुरे, जुन्या चादरीचा शिवा. वाचलेल्या पैशांत प्रत्येक मुलामागे दुसरी बादली घ्या, आणि मग दोन्हींत दोन-दोन लिटरच भरा. एका हातात बादली असली की मूल एका बाजूला कलून चालतं आणि पाणी सांडतं, दोन्ही हातांत असल्या की सरळ चालतं.